चार्जर घेताना एवढे बघा



रात्रपाळीला उसाला पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी लागतेच. ऐन बांधावर ती विझली तर पायाखालचे जनावर दिसत नाही. म्हणून बॅटरीतले सेल पुन्हापुन्हा भरून वापरणारांनी चार्जर पारखून घ्यावा.

१) आधी सेलवर काय छापले आहे ते वाचा. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचा, त्याला त्याचाच चार्जर. ३.७ व्होल्टचा लिथियम सेल त्यात घालू नये. एकदाच वापरायचे साधे सेल तर कधीच चार्जरला लावू नयेत. ते गळतात, फुटूही शकतात.

२) सेल भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. २००० एमएएचचा रिकामा सेल २०० मिलिअँपिअरने भरायला १४ ते १६ तास लागतात. स्वस्तातला चार्जर त्यानंतरही करंट सोडतच राहतो. सेल तापतो अन् लवकर निकामी होतो.

३) नुसत्या टायमरवर चालणारा नको. लाइट जाऊन आली की असल्या बऱ्याच चार्जरांचा टायमर पहिल्यापासून सुरू होतो आणि निम्मा भरलेला सेल जादा भरला जातो.

४) प्रत्येक सेल वेगळा तपासणारा बघा. जोडीने भरणाऱ्या चार्जरात एक सेल निम्मा अन् दुसरा रिकामा असला, तर एकाला अजीर्ण, दुसरा उपाशी!

चार पैसे जादा गेले तरी हरकत नाही. नीट भरलेला सेल शेकडो वेळा कामाला येतो, आणि रात्री बांधावर उजेड राहतो.