वनस्पतींची साक्ष

डोंगरावरील एखादी वनस्पती नाहीशी झाली, तर ती तेथे होती असे कोण सांगणार? वृद्ध माणसे काही काळ सांगतील. परंतु त्यांच्यामागून ती आठवणही जाते. म्हणून वनस्पतींची साक्ष जपून ठेवावी लागते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात हे काम शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १९०६ साली त्यांनी तेथे वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला. रानातून पानाफुलांसह डहाळी आणावी, ती कागदांच्या थरांत दाबावी, ओलसर झालेले कागद वेळोवेळी बदलावे आणि पुरती वाळल्यावर ती जाड कागदावर बसवावी, अशी याची रीत आहे. डहाळीशेजारी एक चिठ्ठी असते. तिच्यावर वनस्पतीचे नाव, ती सापडलेली जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ही चिठ्ठी नसेल, तर डहाळी म्हणजे केवळ वाळलेला पाला होय!

१९४१ साली या संग्रहाला ब्लॅटर यांचे नाव देण्यात आले. पुढे स्पेनहून आलेल्या फादर सांतापाव यांनी हे कार्य वाढविले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. आज या संग्रहात लाखाहून अधिक नमुने आहेत.

त्यांचा उपयोग काय? जुनी चिठ्ठी वाचून अभ्यासक त्याच जागी जातो. वनस्पती आढळली, तर उत्तम. न आढळली, तर कारण शोधावे लागते. रान तुटले, खाण निघाली, की परक्या तणाने जागा व्यापली? काय गेले हे कळल्यावाचून काय राखावे हे ठरत नाही.

हे काम मुंबईतच व्हावे असे नाही. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच ‘रंगारी’, म्हणजे कापड रंगविणारा, हा शब्द आहे. पूर्वी बहुतेक रंग वनस्पतींपासून काढीत; पळसाच्या फुलांपासून पिवळा, तर निळीच्या झुडपापासून निळा. याच तालुक्यात १९८६ साली घोषित झालेले गौताळा अभयारण्य आहे. तेथील पानही परवानगीवाचून तोडू नये. परंतु गावाचे बांध आणि ओढ्याचे काठ अभ्यासास मोकळे आहेत. रद्दी कागद, दोन फळ्या आणि वर ठेवावयास एक दगड, एवढ्यावर शाळेत किंवा महाविद्यालयात असा संग्रह सुरू करता येतो. मात्र एखादेच रोप दिसले, तर त्याला हात न लावता केवळ नोंद करावी.

आज काळजीपूर्वक लिहिलेली चिठ्ठी पन्नास वर्षांनंतरही खरी साक्ष देईल.