घटातला पिवळा, अंगणातला पिवळा

पिवळा रंग दिसला की डॉक्टरला आधी कावीळ आठवते. मीही त्याला अपवाद नाही. मिरजेत एम.बी.बी.एस. करून अमेरिकेत आले त्याला तीस वर्षे होऊन गेली. पण नवरात्र आले की या रंगाकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहते.

२०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला, म्हणजे इथला शरद ऋतू सुरू होतो त्याच दिवशी आली. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी घट बसवला तो माझ्या ८२ वर्षांच्या आईने. गेली काही वर्षे तिची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे. सहा वर्षांच्या पणतीचे नावही तिला आठवत नाही. पण परडी पुढ्यात ठेवली आणि तिचे हात आपसूक चालू लागले. अशा आजारात नावे आणि प्रसंग आधी पुसले जातात, हातांना लागलेले वळण बरेच दिवस टिकते. हे मी पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी सांगते. आईसमोर बसून पाहताना मात्र डोळे भरून आले.

कृती अगदी सोपी आहे. गहू, ज्वारी, मूग, हरभरा आदल्या रात्री भिजवावेत. परडी नसेल तर उथळ कुंडी चालते. दोन बोटे माती, तीवर धान्य, वर पुन्हा मातीचा पातळ थर आणि मधोमध पाण्याचा कलश. रोज पाणी शिंपडावे, ओतू नये. जास्त पाण्याने बुरशी येते.

पाचव्या दिवशी पणतीने विचारले, "पणजी, हे पिवळे का? आजारी आहे?" आई नुसती हसली. उत्तर द्यायचे काम माझ्याकडे आले.

या कोंबांना हरितद्रव्य तयार करायला उजेड लागतो. देवघराच्या कोपऱ्यात तो कमी, म्हणून दाण्यातल्या साठ्यावर कोंब उंच वाढतो, पण पिवळाच राहतो. बाहेर मेपलच्या झाडावर याच्या उलट चालू असते. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातले हरितद्रव्य मोडते आणि तिथला बराचसा नायट्रोजन खोडामुळांत परत घेऊन पुढच्या पालवीसाठी ठेवते. मग इतके दिवस हिरव्याखाली झाकलेला पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र बहुधा याच दिवसांत नव्याने तयार होतो. गंमत म्हणजे हरितद्रव्याची रचना आपल्या रक्तातल्या हीमशी मिळतीजुळती आहे. आपल्यात कड्याच्या मध्यभागी लोह, पानात मॅग्नेशियम. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील संशोधनासाठी रिचर्ड विलश्टेटर यांना १९१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

थोडक्यात, घटातला पिवळा हिरवे येण्याआधीचा आणि अंगणातला पिवळा हिरवे गेल्यानंतरचा. आजारी दोन्ही नाहीत.

मग पणतीने अंगणातली पिवळी-लाल पाने वेचून आणली. वर्तमानपत्राच्या घडीत घालून ती माझ्या अॅनाटॉमीच्या जाडजूड पुस्तकाखाली आठवडाभर दाबून ठेवली. परीक्षेनंतर त्या पुस्तकाचा इतका उपयोग प्रथमच झाला! दसऱ्याला आईने आणि पणतीने मिळून त्यांचे तोरण ओवले. सुई पणतीच्या हातात, पान धरायला आई. संध्याकाळी घटातले धान आईने तिच्या कानामागे खोवले आणि म्हणाली, "बाळ, पुढच्या वर्षी तू पेर हं." नाव काही आठवले नव्हते. पण द्यायचे ते देऊन झाले होते.

वाचकहो, यंदा आपल्याही घरी एक परडी भरा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात ती ठेवा, शेजारी मुलांना बसवा. काही चुकले तर चुकू द्या. आपण फक्त पाणी शिंपडावे आणि पाहत बसावे.

सर्वांना नवरात्राच्या आणि विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!