पेनड्राइव्हवर अख्खी लॅब: फेडोरा सायंटिफिक

डेटा ॲनालिसिसची छोटी कामं घ्यायची आहेत, पण महागड्या सॉफ्टवेअरला भांडवल नाही? मग आधी फेडोरा सायंटिफिक वापरून बघा. हे लिनक्स मोफत आहे आणि ऑक्टेव्ह, पायथन, आर त्यात तयारच मिळतात.

१. फेडोरा मीडिया रायटरने ते पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा.

२. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा.

३. ‘इन्स्टॉल’ दाबू नका, नुसतं चालवा. तुमचं विंडोज आहे तसंच राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: केलेलं काम टिकेलच असं धरून चालू नका. बंद केल्यावर ते जाऊ शकतं! म्हणून ग्राहकाची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर सेव्ह करा, उघडून तपासा, मगच शटडाउन.

पहिली ऑर्डर पूर्ण झाली, की मग इन्स्टॉलचं बघू!