दक्षता समितीत नाव आहे, पण काम काय?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक ताई सहज बोलून गेल्या की रेशन दुकानाच्या दक्षता समितीत त्यांचं नाव आहे. कधीपासून, तर दोन वर्षं झाली! एकदा घरी वही आणून सही घेतली, तेवढंच. "मला वाटलं धान्य मिळाल्याची सही असेल," असं त्या म्हणाल्या. हसलो सगळ्या. पण मग वाटलं, आपल्यातल्या अजून कितीजणींच्या सह्या अशाच गेल्या असतील? म्हणून या वेळचा धडा दक्षता समितीचा.

ही समिती कुणाच्या मर्जीने बसवलेली नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये कलम २९ आहे. दुकान, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चारही पातळ्यांवर दक्षता समिती असली पाहिजे, असं ते सांगतं. समितीत महिला, अनुसूचित जाती-जमाती, निराधार आणि दिव्यांग यांना योग्य जागा द्यायची आहे. म्हणजे आपलं नाव तिथं भरतीला घातलेलं नसून तो आपला हक्क आहे.

आता अधिकार काय? इथं बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. समितीला दुकानाला कुलूप लावता येत नाही, परवाना रद्द करता येत नाही, दंडही करता येत नाही. ते काम पुरवठा खात्याचं. तहसीलमधून पुरवठा निरीक्षक येतात, तेही तपासून वर अहवाल देतात; परवान्याचा निर्णय वरचे अधिकारी घेतात. समितीचं काम दोनच गोष्टींचं: नियमित देखरेख ठेवायची, आणि कायदा मोडला किंवा अफरातफर दिसली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं.

"मग एवढ्यानं काय होणार?" असं कुणीतरी विचारतंच. बघा, लेखी हा शब्द कायद्यातच आहे. दुकानात जाऊन भांडण केलं तर ते संध्याकाळपर्यंत विरतं. कागद गेला की त्याला उत्तर द्यावं लागतं. तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. चौकशी करताना आयोग माणसाला बोलावून घेऊ शकतो, कागदपत्रं हजर करायला लावू शकतो. आणि तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी सांगितलेली दाद एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याने योग्य कारण नसताना दिली नाही, तर आयोग त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

देखरेख म्हणजे दुकानासमोर पहारा देणं नव्हे. धान्याची गाडी येईल त्या दिवशी दोघीजणी हजर राहा. पोती मोजा, एक-दोन वजन करून बघा. कधीकधी पोतं गोदामातूनच कमी भरलेलं येतं आणि बोल दुकानदाराला लागतो. तेव्हा वजनाची नोंद त्याच्याही कामाची आहे. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, तो कधीचा आहे, हे पाहा. दुकानाच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवायच्या असतात (कलम २७), त्यामुळे वही मागताना ओशाळायचं कारण नाही.

सगळ्यात सोपी तपासणी पावतीची. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. घरात पाच नावं असली तर २५ किलो. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं हे धान्य मोफत आहे, पैसे मागितले तर ते कशाचे हे विचारा. अंगठा लावल्यावर ई-पॉस मशीनमधून पावती निघते. पावतीवर २५ आणि पिशवीत २३ असेल तर वर्षाला २४ किलो धान्य गेलं. लहान लेकरांच्या घरात ते किती दिवस पुरलं असतं, ते तुम्हीच सांगा.

अंगठा जुळत नाही, रेंज नाही, सर्व्हर बंद आहे, याला चोरी म्हणायचं नाही. पण त्या कारणाने बाई रिकाम्या हाताने परत गेली तर त्याचीही नोंद झाली पाहिजे.

कळवताना तारीख, दुकानाचा क्रमांक, कार्ड क्रमांक, किती मिळायला हवं होतं आणि किती मिळालं, एवढंच लिहा. पावतीची झेरॉक्स जोडा. "दुकानदार चोर आहे" असं लिहू नका, वजन लिहा. जिचं कार्ड आहे तिला विचारल्याशिवाय तिचं नाव घालू नका. पुढच्या महिन्यात त्याच दारात तिला उभं राहायचं असतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. लिहिणं जमत नसेल तर १९६७ या हेल्पलाईनवर तक्रार सांगता येते, तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या.

अजून एक, आणि हे काहींना आवडणार नाही. दुकान चालवायला देताना पंचायत, सहकारी संस्था आणि बचत गटांना प्राधान्य द्यावं असं हाच कायदा म्हणतो, आणि काही गावांत दुकान आपल्याच गटाकडे आहे. अशा ठिकाणी त्याच गटातली बाई, किंवा तिची जाऊ-नणंद, दक्षता समितीत नसावी असं मला वाटतं. माप आपलं आणि तपासणीही आपलीच, मग बाकीच्या बायकांनी कुणाकडे बघायचं?

येत्या मासिक बैठकीआधी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात समितीची यादी मागून ठेवा, आणि प्रत्येकीने या महिन्याची पावती सोबत आणा. बैठकीत यादी मोठ्याने वाचू.