न लिहिलेले क्लास

प्रोजेक्ट सबमिशनला चार दिवस उरलेले. रात्री दोन वाजता प्रोग्रॅम बंद पडला: ‘आउट ऑफ मेमरी, मेटास्पेस’. मेमरीत काय भरलंय ते पाहिलं, तर ‘एन्हान्सरबायसीजीलिब’ असं शेपूट लावलेले हजारो क्लास! रूममेट म्हणाला, “अरे, हे लिहिले कोणी?” कोणीच नाही. ते प्रोग्रॅम चालू असतानाच जन्मले होते.

मित्रांनो, ही युक्ती जुनी आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन दिलं की तिथल्या तिथे आयबीएम ७०९४ चा मशीन कोड तयार करायचा आणि त्यानेच मजकूर शोधायचा, ही रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मांडली. जावामध्ये असं काम करणारी एक छोटी लायब्ररी म्हणजे सीजीलिब.

माझा प्रोजेक्ट आमच्या धामापूरच्या, १५३० साली बांधलेल्या तलावाच्या पाणीवाटपाचा. कोणती मेथड केव्हा चालली याची नोंद हवी होती. पण तोच कोड पन्नास ठिकाणी कोण लिहिणार? सीजीलिब आपल्या क्लासचा सबक्लास थेट बाइटकोडमध्ये बनवते, मेथड ओव्हरराइड करते आणि मध्ये आपला कोड बसवते. म्हणूनच फायनल क्लासपुढे तिचं काही चालत नाही.

मग चुकलं कुठे? एकदा बनवलेला क्लास सीजीलिब जपून ठेवते आणि पुन्हा तोच देते. मात्र मागणी तीच आहे का, हे ठरवताना ती कॉलबॅक फिल्टरही पाहते. मी प्रत्येक शेतकऱ्याच्या नोंदीला नवा फिल्टर बनवत होतो; त्यात इक्वल्स आणि हॅशकोड लिहिलेच नव्हते. त्यामुळे तिला प्रत्येक मागणी नवी वाटली. जितक्या नोंदी, तितके क्लास! आणि क्लासलोडर जिवंत असेपर्यंत गार्बेज कलेक्टर त्यांना हात लावत नाही.

सकाळी घरी फोन केला. आजोबांना कळावं म्हणून पावसाळ्यानंतर व्हाळावर घालतात त्या बंधाऱ्याचं उदाहरण दिलं. ते हसले, “बंधारो वर्षाक एकदाच घालतत रे, रोज नाय!”

फिल्टर एकच ठेवला. प्रत्येक मूळ क्लासमागे एकच सबक्लास उरला आणि सबमिशन वेळेत झालं.

जाता जाता: सीजीलिबची देखभाल आता थांबली आहे, जावा १७ वर ती नीट चालत नाही. नव्या कामाला बाइट बडी घ्या. पण लायब्ररी कोणतीही असो, किती क्लास बनतायत ते पहिल्याच दिवशी मोजा. मी शेवटच्या चार दिवसांत मोजले.