फोटो संगणकावरून पुसले तर क्लाउडवर राहतील का?

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे, पोहरादेवीच्या यात्रेचे हजारो फोटो संगणकात आहेत. डिस्क पूर्ण भरली. सगळे वनड्राइव्हवर चढलेले आहेत, मग इथले पुसून टाकू का?
– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर : काका, पुसू नका. वनड्राइव्ह ही वेगळी तिजोरी नाही; संगणकातल्या फोल्डरशी ती जोडलेली असते. इथला फोटो पुसला की तिथलाही जातो.

आधी बाहेरची हार्डडिस्क आणून सगळे फोटो तिच्यावर घ्या. लग्नाचे फोटो एकट्या क्लाउडच्या भरवशावर ठेवावेत, असं मला मुळीच वाटत नाही. ‘कट’ नको, ‘कॉपी’च करा, मध्येच वीज गेली तरी मूळ फोटो शाबूत राहतात. नंतर दहा-वीस फोटो त्या डिस्कवरून उघडून बघा.

मग वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फोटो क्लाउडवर राहतात, संगणकातली जागा सुटते. उघडताना मात्र इंटरनेट लागतं. मोफत जागा फक्त 5 जीबी असते, तेव्हा सगळे खरंच चढलेत का, हे वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर आधी पाहा.

काही आधीच पुसले गेले असतील तर घाबरू नका. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ते साधारण 30 दिवस असतात, तिथून परत आणता येतात.