तांडा उठला तरी शाळा उठू नये

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. तेथे सेवालाल महाराजांची समाधी असल्यामुळे रामनवमीस दूरदूरच्या तांड्यांतून बंजारा बांधव जमतात. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर वाहतूक करीत. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. बैल गेले, तरी बिऱ्हाड उचलणे सुटले नाही. कोरडवाहू शेतीत वर्ष निभत नाही, म्हणून कित्येक कुटुंबे ऊसतोडीस, तर कित्येक पुण्यामुंबईस इमारतींच्या कामावर जातात व झोपडपट्टीत राहतात.

दारिद्र्य तेथे पिढ्यानपिढ्या कसे टिकते, हे आपण नीट पाहू. आईबाप दोघेही कामावर जातात. तान्हे बाळ थोरल्या मुलीच्या कडेवर येते. तिची शाळा सुटते. गावी परतावे तो वर्ग पुढे गेलेला असतो. निरक्षर राहिल्यामुळे तिच्याही वाट्यास तीच पाटी व तेच घमेले येते. तेव्हा कुटुंबास केवळ पैसा देऊन हा फेरा तुटत नाही. बाळास सुरक्षित जागा व थोरलीस शाळा, ही दोन्ही एकदम मिळाली पाहिजेत.

हे ओळखून १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. पुढे हे काम मुंबईतही आले. मुंबईत १९८८ साली रजनी परांजपे व बीना शेठ लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ आरंभिले. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळेने त्याच्या दारी जावे, हा त्यामागील विचार होय. त्यांची मोटारगाडीतील फिरती शाळा वस्तीवस्तीत जाऊ लागली.

आता आपले कर्तव्य काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलास दाखल्याच्या विलंबामुळे किंवा वयाच्या पुराव्याअभावी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. तरीही निघण्यापूर्वी गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. त्यावरून नव्या शाळेस मुलाची इयत्ता व प्रगती कळते. जेथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तेथे मुलास आप्तांजवळ गावीच ठेवण्याचा विचार करावा. शिधापत्रिकेस सर्वांचे आधार क्रमांक जोडून घ्यावे, म्हणजे परगावच्या दुकानीही धान्य मिळते. शहरात पोहोचताच जवळची अंगणवाडी शोधावी.

ज्यांस वाचता येते, त्यांनी ज्यांस येत नाही त्यांच्या घरी जाऊन हे कागद पाहावे. ही मदत लहान दिसते; परंतु आम्हांस वाटते की, एका मुलीचे वर्ष वाचले तर पुढील पिढीची वाट बदलते.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या गावातून यंदा कोणती कुटुंबे बाहेर जाणार आहेत?
२. त्यांची मुले तेथे कोणत्या शाळेत बसतील, हे कोणी विचारले आहे काय?
३. तान्ह्यास कोण सांभाळील?